मानाचं नाव घरी ठेवून पाच दिवस

शनिवार, सकाळ

प्रिय सोलोमोना,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, फुआतिनोचा, तुला, मालियाला आणि तिन्ही लेकरांना भरभरून आशीर्वाद. परमेश्वराच्या दयेने आम्ही दोघं हिंडतीफिरती आहोत, आणि तुम्हीही तसेच असाल असं मी धरून चालले आहे. कारण शाळामास्तर म्हणून तुझी त्या बेटावर बदली होऊन दोन महिने झाले आणि तुझ्या हातून दोन ओळी सुटल्या नाहीत. मालियाचा खोकला गेला का? लिंबाची पानं उकळून वाफ घ्यायला सांग, उगाच औषधवाल्याकडे धावू नका. धाकटीचे दात आले असतील. तुझ्या गुडघ्याला नारळाचं तेल चोळ आणि चोळताना प्रार्थना म्हण (नुसतं तेल मी मागच्या वर्षी करून पाहिलं, गुण येत नाही). तिथल्या पालकांनी मिळून तुला आठ डुकरं दिली असं कानावर आलं. आनंद झाला. पण मी काही मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू निवांत वाचशील. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. टेबल नाही, मांडीवर वही ठेवून लिहिते आहे, आणि शेजारच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी मधून मधून माझ्या कोपराला चोच मारते आहे.

तर सांगायचं असं, की आम्ही सुट्टीवर गेलो होतो. पुन्हा वाच, बरोबरच वाचलंस. मयताला नव्हे, लग्नाला नव्हे, कुठल्या चर्चच्या उद्घाटनाला नव्हे. सुट्टीवर. ही कल्पना माझी नाही, आमच्या लोसाची. ती ऑकलंडला ज्या रुग्णालयात काम करते तिथल्या बायका म्हणे दरवर्षी कामधंदा सोडून समुद्रकाठी जाऊन बसतात. तिने पैसे पाठवले आणि फोनवर बजावलं, "आई, हे पैसे चर्चच्या छपराला द्यायचे नाहीत, कोणाच्या मयताला द्यायचे नाहीत. तू आणि बाबा कुठेतरी जाऊन नुसते बसा." मी म्हटलं, "नुसते म्हणजे?" ती म्हणाली, "नुसते म्हणजे नुसते!" हे वाक्य मला पटलं नाही. देवाने हात दिले ते नुसते बसायला नाहीत. पण मग त्याच आठवड्यात आमचे हे गावसभेत उभ्या उभ्या बोलताना थांबले. तुझ्या मेहुण्याचं बोलणं थांबलं, म्हणजे काय झालं असेल ते तू ओळख. दोन माणसांनी धरून खाली बसवलं. सरकारी डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मग यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं, आणि त्यातही तोच आकडा आला. तो म्हणाला, "बाई, पाच दिवस यांना गावाबाहेर न्या. सभा नाही, भाषण नाही, डब्यातलं खारं मांस नाही. पाच दिवसांनी पट्टा पुन्हा बांधू. आकडा उतरला नाही तर मग औषधं जन्माची." मी त्याच्यासमोरच बायबलवर हात ठेवून म्हटलं, पाच म्हणजे पाच. चार नाहीत.

तुला ठाऊक आहे, मला नोंदी ठेवायची खोड आहे. महिला समितीची वही इतकी वर्षं माझ्याकडे आहे, ती काही माझ्या रूपाकडे पाहून दिलेली नाही. गावात मॅट्रिक झालेली बाई तेव्हा एकच होती. तर मी घरच्या जुन्या वह्या काढल्या आणि लग्नापासून आम्ही घराबाहेर किती रात्री झोपलो ते मोजलं. तीनशे अकरा. त्यात मयतं एकशे बेचाळीस, लग्नं ब्याण्णव, चर्चची कार्यं सत्तर, आणि तू होडीतून पडून पाय मोडून घेतलास तेव्हाच्या रुग्णालयातल्या सात. सुट्टी शून्य. आणि त्या तीनशे अकरा रात्रींत आमचे हे पुढच्या अंगाला पुरुषांत, मी मागच्या अंगाला बायकांत. लग्नानंतरची पहिली चार वर्षं तेवढी निराळी होती. तेव्हा यांना घराण्याच्या प्रमुखाचं नाव मिळालं नव्हतं, हे नुसते पेनी होते, आणि रविवारी दगड तापवून उमूची चूल लावण्यात त्यांचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता. (तू तेव्हा लहान होतास, पण त्यांच्या हातच्या पालुसामीच्या, त्या नारळाच्या दुधातल्या अळूच्या, किती पुड्या चोरल्यास ते मला आठवतं. सात.) मग यांच्या डोक्यावर 'तौआवे' हे नाव बसलं आणि पेनी संपला. नावाच्या माणसाने चुलीकडे जायचं नाही, नारळाला हात लावायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही. मीही त्या दिवसापासून यांना तौआवेच म्हणते. सव्वीस वर्षं झाली.

तर जायचं कुठे? माझी एकच अट होती, तिथे आपलं कोणी नसावं. नातेवाईक असला की त्याच्याकडे उतरावं लागतं, उतरलं की चटया न्याव्या लागतात, चटया नेल्या की भाषण आलं. समुद्र हवा, कारण लोसाने तसं सांगितलं होतं. आणि डोंगर हवा, कारण डॉक्टर म्हणाला गार वारा लागू दे. मी दोन्ही बेटांच्या किनाऱ्यावरच्या गावांची यादी केली आणि तालिगी मावशीपुढे ठेवली. मावशीला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण कोणाची पणजी कोणत्या गावात दिली होती ते झोपेतून उठवून विचारा. मी गाव वाचायची, ती म्हणायची, "तिथे तुझ्या आजोबांची दुसरी बायको," खोड. "तिथे तौआवेच्या आईची दत्तक बहीण," खोड. "तिथे आपलं कोणी नाही." मी खूश होऊन पुढे जाणार तोच, "कोणी नाही म्हणजे, एकावर आपला खटला चालू आहे." खोड. चार पानांची यादी खोडता खोडता शेवटी एक गाव उरलं, फागालेले. खिंडीपलीकडे, पुढे पांढरी वाळू, मागे सरळ उभा हिरवा डोंगर, आणि त्यावरून उडी मारणारा धबधबा. तिथे पुआ नावाची एक विधवा बाई किनाऱ्यावर झोपड्या भाड्याने देते. मी विचारलं, "मावशी, फागालेले?" मावशीने पंख्याचा वारा घेतला. मग म्हणाली, "तिथे आपलं कोणी नाही. असणार होतं, पण नाही." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

आता गुप्तता. आमच्या गावचे वक्ते लेपोऊ यांना सुगावा लागला असता तर संपलंच होतं. हा माणूस सव्वीस वर्षं यांच्या उजव्या हाताला बसतो, यांच्या वतीने बोलतो, यांच्यानंतर जेवतो. तो म्हणाला असता, वक्त्याशिवाय प्रमुख म्हणजे आधारदांड्याशिवाय होडी, मीही येतो. म्हणून मी फक्त पाळकांना सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवणं म्हणजे देवापासून लपवणं. आणि पाळकांनी रविवारी भर उपासनेत डोळे मिटून हात वर केले, "हे प्रभो, तौआवे आणि त्यांची पत्नी या आठवड्यात सुट्टीवर निघाले आहेत, कुठे ते तुला ठाऊक आहे, त्यांचा मार्ग सुखाचा कर." (कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, एवढे त्यांचे उपकार.) आमेन म्हणायच्या आत चर्चभर कुजबुज पसरली. संध्याकाळी दारात महिला समिती उभी, मानाच्या तीन चटया घेऊन, "रिकाम्या हाताने जाऊ नका, गावाची लाज आहे." मागोमाग अकरा माणसं, "कधी निघायचं?" लेपोऊंनी तर कपडेही बांधून ठेवले. मी कोणाशी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, "प्रभूची इच्छा होईल तेव्हा." मग मंगळवारी पहिल्याच बसला प्रभूची इच्छा झाली. चटया मी पेटीवर तशाच ठेवल्या, यांना मागच्या दाराने काढलं, केळीच्या बागेतून आम्ही दोघं चोरासारखे रस्त्यावर आलो. बस थांबली, चढलो, आणि पाहते तर पुढच्या बाकावर तालिगी मावशी, मांडीवर भाजलेला निरफणस, पायाशी गुंडाळलेली चटई. म्हणाली, "उशीर केलात."

बसमध्ये मी एक ठराव केला, आणि सोलोमोना, पुढचं सगळं त्या ठरावातून झालं. मी विचार केला, नातं नसलेलं गाव शोधून काय उपयोग? यांनी तौआवे हे नाव उच्चारलं की तिथले प्रमुख भेटीला येणार, आवा या मानाच्या पेयाचा प्याला येणार, भाषण येणार. तेव्हा नाव घरीच राहू दे. पुआबाईने वही पुढे केली तशी मी माझ्या हाताने लिहिलं, 'पेनी, बायको, आणि बायकोची मावशी'. यात खोटं काय आहे? बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी पेनीच नाव ठेवलं होतं, आणि स्वर्गाच्या वहीतही तेच असणार. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं. किती वर्षांनी ते नाव लिहीत होते! मावशीला तर नुसतं सांगितलं की यांना पेनी म्हणायचं, तेवढ्यानेच तिला नवं खेळणं मिळाल्यासारखं झालं. "पेनी, पाणी आण! पेनी, माझी चटई झटक! पेनी, तिकडे काय बघतोस?" आणि हे "हो मावशी" म्हणून पळायचे.

पहिला दिवस मी ठरवल्याप्रमाणे गेला. आम्ही नुसते बसलो. समुद्र पाहिला. मग डोंगर पाहिला. मग उरलेला समुद्र पाहिला. तुला खरं सांगते, नुसतं बसणं हे शेतकामाहून जड आहे. मला सुचेना यांच्याशी बोलायचं काय. यांना सुचेना भाषण सोडून बोलायचं कसं. दोनदा यांनी घसा खाकरून "या शुभप्रसंगी" अशी सुरुवात केली आणि दोनदा मी यांच्या गुडघ्यावर चापट मारली. संध्याकाळी मी मनात म्हटलं, एक झाला, चार राहिले, प्रभो बळ दे.

बुधवारी सकाळी मागच्या बाजूने धूर आला. फागालेलेत गुरुवारी सभागृहाचं उद्घाटन होतं, सारं गाव स्वयंपाकाला लागलं होतं, आणि त्यांच्या पोरांना दिसलं की किनाऱ्यावर एक धडधाकट बिननावाचा माणूस हात बांधून बसला आहे. पुआबाई बिचारी सांगत होती की ते पैसे देऊन राहिलेले पाहुणे आहेत. पण तिचा भाऊ म्हणाला, "पैसे बसायचे दिलेत, की आमची उमू विझताना बघायचे? ओ पेनीकाका, नारळ खवता येतो का?" सोलोमोना, मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हे उठून उभे राहणार, छाती भरून घेणार, आणि फागालेलेचा उद्धार करणार. हे उठले खरे. लुंगी वर खोचली आणि म्हणाले, "खवणी कोणाची चांगली आहे?"

मग तो माणूस मला दिवसभर सापडलाच नाही. म्हणजे दिसत होता, ऐकूही येत होता, दगड मांडताना, अळूचे गड्डे सोलताना, पोरांवर ओरडताना, "अरे पान उलटं धरलंस, तुझ्या आईने तुला असंच बाळोत्यात गुंडाळलं होतं का?" पण तो आमचे 'हे' नव्हते. पोरांना त्यांची फार दया आली. एकजण म्हणाला, "काका, छप्पन्न वर्षांचे झालात, घरच्यांनी एकही नाव दिलं नाही?" हे म्हणाले, "नाही रे बाबा." "पिता का?" "नाही." "भांडता?" "नाही." "मग बायको आडवी येत असेल." हे म्हणाले, "बायको कडक आहे," आणि सगळे माझ्याकडे पाहून मान हलवायला लागले. दुसऱ्याने तर यांच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला, की काका, हात चांगला आहे तुमचा, आमच्या प्रमुखांच्या कानावर घालतो, पुढच्या वर्षी एखादं लहानसं नाव मिळून जाईल. यावर हे इतके हसले की खवणीवरून घसरले. मी ते हसणं ओळखलं. तीस वर्षांपूर्वी आपल्या घरामागे हेच हसणं ऐकून मी आईला न विचारता चुलीकडे पाणी घेऊन गेले होते.

माझी गत मात्र निराळी होती. बिननावाच्या माणसाची बायको म्हणून मला भांड्यांवर बसवलं. पुआबाई मनाने चांगली, माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. असा नवरा कसा केलात?" मी म्हटलं, "तेव्हा हसायचा." ती म्हणाली, "अजून हसतो की." मी पातेलं जोरात घासलं. त्यांच्या महिला समितीचं रक्तदाबाचं यंत्र तिच्याकडेच असतं, तेव्हा मी तिला संध्याकाळी यांच्या दंडाला पट्टा बांधायला लावला. आकडा पोरासोरांचा असावा तसा! मी दुसऱ्या दंडाला बांधायला लावला. तोच. मी वहीत लिहून ठेवलं, खाली रेघ मारली, आणि वाळूत गुडघे टेकून देवाचे आभार मानले. (आणि मग थोडी रडले, पण ते वहीत नाही.)

गुरुवार. सभागृहात बाहेरगावचे मानकरी ओळीने बसले होते, पोरं तबकं वाहत होती, माणसं कमी पडली म्हणून पेनीच्याही हातात तबक दिलं. मी भांड्यांच्या ढिगाआडून पाहत होते. हे वाकून, नजर खाली ठेवून, अगदी रीतीप्रमाणे चालत गेले आणि तिसऱ्या खांबापाशी बसलेल्या पाहुण्यापुढे तबक ठेवून गुडघ्यावर बसले. त्या पाहुण्याने नुकताच कोंबडीचा तुकडा तोंडात घातला होता. वर पाहिलं. लेपोऊ! त्यांना बोलावणं होतं, आम्हाला ठाऊक नव्हतं; जसं आम्ही कुठे आहोत ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे ओठ न हलवता म्हणाले, "लेपोऊ, गुपचूप खा." पण लेपोऊंच्या घशाखाली घास उतरेना. सव्वीस वर्षं ज्याच्यानंतर जेवले, तो माणूस गुडघ्यावर बसून वाढतो आहे! त्यांनी घास काढून पानावर ठेवला, गळ्यातली माळ उतरवली, आणि उभे राहून असा टाहो फोडला की बाहेरची डुकरं पळाली, "फागालेलेकरांनो, हे काय केलंत! आमच्या घराचा मुख्य खांब उपटून तुम्ही त्याचं सरपण केलंत!"

ज्या पोराने नाव मिळवून देतो म्हटलं होतं तो जागच्या जागी खाली बसला. मी पुढे होऊन सांगायला लागले की चूक आमची, वहीत मीच लिहिलं. पण भांड्यांवरच्या बाईचं कोण ऐकतो? कार्य कसंबसं उरकलं. आणि शुक्रवारी सकाळी प्रार्थना करून मी झोपडीची झडप वर केली, तर समोर वाळूत फागालेलेची सगळी गावसभा माफीच्या इफोगाला बसलेली. तेवीस माणसं, माना खाली, डोक्यावर मानाच्या चटया पांघरून, पुढे त्यांचे म्हातारे प्रमुख. मला रडू यावं की लाज वाटावी ते कळेना. कोणाचा खून झाला तर माणसं अशी बसतात रे, आणि इथे झालं काय होतं? एका माणसाने दोन दिवस नारळ खवले होते. ऊन चढत होतं. यांनी बाहेर येऊन चटई उचलायची की झालं, माफी मिळाली. आणि हे झोपडीत नव्हते.

मी धावत मागे गेले. चुलीपाशी, करवंट्यांच्या ढिगामागे लपून, हे खवणीवर बसले होते. मी म्हटलं, "तौआवे, उठा. तेवीस माणसं उन्हात बसली आहेत." हे म्हणाले, "तौआवे घरी आहेत. तू इथे पेनीशी बोलते आहेस." मी म्हटलं, "मग पेनी, ऊठ." आणि सोलोमोना, ते 'ऊठ' माझ्याच कानाला इतकं गोड लागलं की मी तिथेच थांबले. हे म्हणाले, "एवढे चार नारळ उरलेत, फुआ. चार झाले की जातो. एकदा ती चटई उचलली की मग मला पुन्हा कोण चुलीजवळ येऊ देणार?" मला ठाऊक आहे मी काय करायला हवं होतं. तेवीस भल्या माणसांच्या डोक्यावर सूर्य होता. मी खाली बसले. हे खवत गेले, मी दूध पिळत गेले. चार नारळ. पुढच्या बाजूला मावशी आपल्या पंख्याने त्या ओळीला वारा घालत फिरत होती, असं नंतर कळलं. देव मला क्षमा करो, पण सुट्टी म्हणजे काय हे लोसाने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं नव्हतं, ते मला त्या चार नारळांत कळलं.

मग हे हात धुऊन, सदरा घालून बाहेर गेले, म्हाताऱ्या प्रमुखांच्या डोक्यावरची चटई दोन्ही हातांनी उचलली, आणि एक तास दहा मिनिटं बोलले. अपराध माझा, तुमचा नाही. नाव घरी ठेवून येणारा अपराधी, अशी सुरुवात होती. फार सुंदर भाषण. लेपोऊ रडले. फागालेले गाव रडलं. त्यांनी चटया आम्हाला दिल्या, दोन डुकरं दिली, पुआबाईने भाड्याचे पैसे परत दिले, आणि आता दोन्ही गावं जन्माची सोयरी झाली. भाषण संपताच मी पुआबाईला पट्टा बांधायला लावला. आकडा पुन्हा डॉक्टरवाला. पोरं लांब उभी राहून माना लववत होती, चुलीपाशी कोणी यांना बसू देईना. तिथे आणखी दोन दिवस राहणं म्हणजे दोन दिवस भाषणं. म्हणून मी चटया, डुकरं आणि लेपोऊंना घरी रवाना केलं आणि आमचं सामान बांधलं. पण मी बायबलवर हात ठेवून पाच म्हटलं होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन झाले. शुक्रवार माफीत गेला, तो मी धरत नाही. दोन बाकी आहेत, आणि मी शब्द टाकणारी बाई नाही.

बाकी सगळं क्षेम आहे. लेकरांच्या डोक्यावरून माझा हात फिरव, आणि मालियाला वाफेचं विसरू नको म्हणावं.

तुझं भलं चिंतणारी,
फुआतिनो

ता. क. तालिगी मावशी आमच्याबरोबर नाही. चटई उचलली तेव्हा त्या म्हाताऱ्या प्रमुखांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "तालिगी, साठ वर्षं लावलीस." तिने पंखा त्यांच्या डोक्यात घातला आणि शेजारी जाऊन बसली. आम्ही निघालो तेव्हा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, माझी सुट्टी आहे."

दुसरा ता. क. फागालेलेचे चाळीस लोक चौदा तारखेला आमच्या गावी परतभेटीला येत आहेत. तुझ्या आठपैकी पाच डुकरं लागतील. हे मागणं नव्हे. तू विचारणारच होतास म्हणून सांगून ठेवलं.

तिसरा ता. क. हे पत्र मी बोटीच्या धक्क्यावर बसून लिहिते आहे आणि सकाळच्या बोटीवरच्या खलाशाच्या हाती देणार आहे. आम्ही दुपारच्या बोटीने येतो. आकडा वर असताना सकाळच्या गर्दीत यांना चढवायला नको म्हणून थांबले. आता हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले आहेत, पायाशी पिशवी आहे, आणि पिशवीत पुआबाईच्या भावाने दिलेली खवणी आहे.

शेवटचा ता. क. आणि आता मुख्य गोष्ट. तू त्या गावात नवा आहेस, तुझा मेहुणा कोण ते तिथे कोणाला माहीत नाही. उद्या रविवार, तुझ्याकडे उमू लागणारच. तर गावात सांग की आमच्या बहिणीने एक बिननावाचा माणूस केला आहे, बिचारा गरीब आहे, पण पालुसामी बरी करतो. त्याला चुलीपाशी बसव आणि दूध पिळायला मला दे. फक्त रविवार आणि सोमवार. तुला हे अवघड जाईल हे मला कळतं. पण बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, हे आईने तुला शिकवलं ते मी स्वतः ऐकलं आहे. आणि उघडकीला आलंच, तर तू घाबरू नकोस. डोक्यावर चटई घेऊन माझ्या दारात येऊन बस. चार नारळ झाले की मी लगेच उठवते.